भिंतीला भरपाई, भाकरीला काय?

रस्ता रुंद व्हावा याला आमचा विरोध नाही. वस्ती वाढली, गाड्या वाढल्या, रुग्णवाहिकाही कोंडीत अडकते. तेव्हा रस्ता मोठा झालाच पाहिजे. आमचा सवाल वेगळाच आहे. रुंदीकरणाच्या लाल खुणा भिंतीवर पडतात तेव्हा भरपाई कोणाला मिळते? ज्याच्या नावावर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आहे त्याला! आणि त्याच भिंतीआड वीस-वीस वर्षे शिलाई मशीन चालवणारा, केशकर्तनालयवाला, पंक्चर काढणारा? त्याच्या वाट्याला येतो तो बुलडोझर.

जमीन कोणाकडे असावी हे या देशात शतकानुशतके जातीने ठरवले. ज्यांना ती नाकारली गेली, त्यांनी शहरात येऊन भाड्याच्या गाळ्यात, रस्त्याकडेच्या टपरीत धंदा उभा केला. आता भरपाईही फक्त जमिनीच्या कागदावर मोजायची, म्हणजे जुन्या अन्यायावर नवा सरकारी शिक्का मारणे नव्हे काय?

कायदा काही अगदीच मुका नाही. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तर ‘बाधित कुटुंब’ म्हणजे केवळ जमीनमालक नव्हे, असे स्पष्ट केले. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करणारे आणि त्यावरच पोट असणारे भाडेकरू, कारागीर, छोटे व्यापारी त्यात येतात. विस्थापित छोट्या व्यापाऱ्याला एकरकमी किमान २५ हजार रुपये आणि विस्थापित कुटुंबाला वर्षभर दरमहा ३ हजार रुपये निर्वाह भत्ता, असे त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिले आहे. रक्कम तुटपुंजी आहे, पण हक्क मान्य आहे.

मग घोडे अडते कुठे? शहरातील बरेचसे रुंदीकरण या वाटेने होतच नाही. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम १२६ नुसार पैशांऐवजी वाढीव चटईक्षेत्र किंवा टीडीआर देऊन जागा ताब्यात घेता येते. मालकाला टीडीआर मिळतो, तो विकता येतो. गाळ्यातल्या भाडेकरूच्या हाती सहसा काहीच येत नाही.

गटई कामगारांचेच पाहा. सामाजिक न्याय विभागाची त्यांना पत्र्याचा स्टॉल देण्याची योजना आहे. त्यासाठी जागा स्वतःची किंवा स्थानिक संस्थेने अधिकृतपणे दिलेली असावी लागते. ती जागाच रुंदीकरणात गेली, तर स्टॉल उभा करायचा कुठे?

धंदेवाल्याने गप्प बसू नये, याचा दाखला मुंबईतच आहे. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यासाठी जागतिक बँकेचे कर्ज होते. कुर्ल्याच्या किस्मतनगरमधील दुकानदारांना, दुकान कितीही मोठे असो, मोफत फक्त २२५ चौरस फूट जागा देऊ केली गेली. गिऱ्हाईक तुटले तर धंदा चालणार कसा, असे विचारत त्यांच्या संघटनेने २००४ साली बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रार केली. पॅनेलने डिसेंबर २००५ च्या अहवालात पुनर्वसनातील गंभीर उणिवा दाखवल्या. १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते व पुनर्वसनाच्या कामांचा निधी रोखला. तो जूनअखेर पुन्हा सुरू झाला. रस्ता पुढे २०१४ मध्ये खुला झालाच. म्हणजे दुकानदारांचे ऐकून घेतल्याने रस्ता मरत नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. लाल खूण मारण्याआधी जमिनीबरोबर धंद्यांचीही मोजणी करा आणि यादी वॉर्डात जाहीर लावा. भाडेकरू व टपरीधारकाचे नाव त्यात असलेच पाहिजे. पर्यायी जागा गिऱ्हाईक पोहोचेल अशा अंतरावर द्या आणि ती आधी द्या, हातोडा नंतर. मधल्या काळात बुडणाऱ्या कमाईची भरपाई द्या. टीडीआरने जागा घेतली, तरी हे नियम लागू करा.

आणि बांधवांनो, आपणही सावध राहिले पाहिजे. भाडेपावती, दुकानाचा परवाना, वीजबिल, व्यवसाय कराची पावती जपून ठेवा. पथविक्रेत्यांनी लक्षात ठेवावे, २०१४ च्या कायद्याप्रमाणे त्यांना हलवण्याआधी ३० दिवसांची नोटीस द्यावीच लागते. मोजणीला माणसे आली की एकेकट्याने नव्हे, साऱ्या गल्लीने मिळून नावे नोंदवून घ्या. नंतर कोर्टात जायची वेळ आली, तर हीच नोंद कामी येईल.