दान काय पडलें?

महाभारताच्या सभापर्वांतील द्यूताचा प्रसंग आपल्या वाचकांस सुपरिचित आहे. त्या सभेंत अंध धृतराष्ट्र पुनः पुनः एकच प्रश्न विचारतो : काय जिंकलें? त्याच्या लोभाबद्दल आपण त्यास दोष देतों व तें योग्यच आहे. परंतु त्या प्रश्नांत आणखीही एक गोष्ट दडलेली आहे. जो पट सभेंतील इतर सर्वांस दिसत होता, तो त्या राजास दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागत होता.

ह्या गोष्टीचा अर्थ आम्हांस उतारवयांत, येवल्यांतील आमच्याच घरीं उमगला. आमच्या वहिनी सारीपाटांत निष्णात. काचबिंदूनें त्यांची दृष्टि गेली आणि पुढील दिवाळींत पट मांडला तेव्हां त्या आपण होऊनच भिंतीशीं जाऊन बसल्या. "तुमचें चालूं द्या," एवढेंच म्हणाल्या. आम्हीं कोणीही आग्रह केला नाहीं. हें लिहितांना आज लाज वाटते.

पुढें आम्हीं पटाच्या रेषांवर जाड दोरा शिवून घेतला. चार पट्टे, प्रत्येकीं २४ घरें, एकूण ९६. तीं बोटांस कळूं लागलीं. परंतु चांचपतांना सोंगट्या सरकत आणि डाव मोडे. बुद्धिबळांत ही अडचण पूर्वींच सुटली आहे. अंधांच्या पटांत काळीं घरें किंचित् उंच असतात, मोहरा छिद्रांत खुंटीनें बसतो आणि काळ्या मोहऱ्यांच्या माथ्यावर टोंक असतें. मुंबईचे श्री. चारुदत्त जाधव हे स्वतः अंध. त्यांनीं १९९७ सालीं अंध बुद्धिबळपटूंची अखिल भारतीय संघटना स्थापिली आणि पुढें संगणकावर बोलणारें बुद्धिबळही सिद्ध केलें.

हें वाचून वहिनींच्या नातवानें सारीपाट संगणकावर उतरविण्याचें मनावर घेतलें. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी 'एनव्हीडीए' नांवाची प्रणाली २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील एका अंध तरुणानें आरंभिली. ती विनामूल्य मिळते व मराठीही वाचते. मात्र ती अक्षरें वाचते, चित्रें नव्हे. म्हणून पटाचें नुसतें सुंदर चित्र काढून भागत नाहीं. कोणती सोंगटी कोणत्या घरांत आहे, हें शब्दांत मांडावें लागतें.

पहिल्या प्रयत्नांत प्रत्येक दानानंतर यंत्र सोळाही सोंगट्यांचें वर्णन करी. वहिनी म्हणाल्या, "अरे, हा खेळ आहे कीं पुराण?" तेव्हां नातवानें रीत बदलली. विचारल्यावांचून यंत्रानें बोलावयाचें नाहीं. एक कळ दाबली असतां स्वतःच्या सोंगट्या कळतात. दुसरीनें, मागून कोण किती घरांवर आहे तें. तिसरीनें, पडलेलें दान. फासे पडल्याचा आवाज सर्वांस एकदमच ऐकूं येतो आणि डोळस मंडळी तोच पट पडद्यावर पाहतात.

त्यानें आणखी एक सोय केली होती. कोणती सोंगटी चालवावी, हेंही यंत्र सुचवीत असे. ती वहिनींनीं तत्काळ काढावयास लाविली. "तें मला कळतें," त्या म्हणाल्या. आमच्या मतें साऱ्या विषयाचें सार ह्या तीन शब्दांत आहे. अंधास पट कळला पाहिजे. डाव त्याचा त्यानेंच खेळावा. हरण्याचा अधिकारही त्याचाच.

गेल्या दिवाळींत पिकत आलेली आमची सोंगटी वहिनींनीं मारिली. आम्ही गोंधळून विचारलें, "दान काय पडलें?" त्या हंसून म्हणाल्या, "भाऊजी, समोर लिहिलें आहे, वाचा कीं!"

वाचकहो, आपल्याही घरीं कोणी असेंच भिंतीशीं जाऊन बसलें असेल. ते "तुमचें चालूं द्या" म्हणतात, म्हणून तें खरें मानूं नका. त्यांस पटापाशीं बोलवा. युक्ति पुढें सांपडते.