लकवा आणि नोंदवही : गडचिरोलीचा धडा



गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी मार्कंडा हे पुरातन देवस्थान आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी जत्रा भरते. मार्कंडेयाने शिवभक्तीच्या बळावर यमाला परत धाडले, ही कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. याच जिल्ह्यात अलीकडे मरणाचा हिशेब चोख ठेवण्याचे काम झाले. त्याची माहिती आपणासही उपयोगी पडावी.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे व सहकाऱ्यांनी संस्थेच्या कामातील ८६ गावांतल्या मृत्यूंची दोन वर्षे नोंद घेतली. वस्ती ९४ हजारांवर. मृत्यू झालेल्या घरी जाऊन आजाराची लक्षणे विचारायची आणि त्यावरून डॉक्टरांनी कारण ठरवायचे, अशी पद्धत. १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झाले होते. म्हणजे सातांत एक! जंगलचा मुलूख म्हटला की आपण हिवताप धरून चालतो. पण पहिला क्रमांक लकव्याचा निघाला. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. लकव्याने गेलेल्या शंभरांतील सत्त्याऐंशी माणसे घरीच गेली. नुसते दवाखान्याचे रजिस्टर चाळले असते, तर ही माणसे कोणाच्या हिशेबातच आली नसती.

नोंद एकत्र का हवी ?

आपल्या उसाचेच पाहा. लागणीची नोंद शेतकी विभागात, वजन काट्यावर, बिल हिशेब विभागात. पण सभासदाचा खाते क्रमांक एकच, म्हणून टनाचा घोळ होत नाही. माणसाच्या प्रकृतीचे मात्र उलटे. रक्तदाब आशाताईंच्या वहीत, साखरेची तपासणी तालुक्याला, गोळ्यांची चिठ्ठी कोनाड्यात. ऐनवेळी डॉक्टरांपुढे काय ठेवणार?

यावर इलाज निघू लागला आहे. २०१७ साली सुरू झालेला रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम आपल्या राज्यात प्रथम भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत आला. रुग्णाला कार्ड द्यायचे, प्रत्येक भेटीचा रक्तदाब मोबाइलवर नोंदवायचा आणि तारखेला न आलेल्यांची यादी काढून त्यांना बोलावणे धाडायचे. २०२१ पासून ‘आभा’ हा चौदा आकडी आरोग्य क्रमांकही मिळतो. वेगवेगळ्या दवाखान्यांतील कागद त्याला जोडता येतात.

पण यंत्र कितीही चांगले असले, तरी नोंदच झाली नाही तर ते काय करणार? "मला काय धाड भरलीय?" म्हणणारे आपल्यात कमी नाहीत. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. बरे वाटले म्हणून गोळी सोडली, की एक दिवस अंग लुळे पडते. मग कर्ता माणूस खाटेवर, बैल दावणीला आणि घरची बाई रात्रंदिवस सेवेला.

सभासदांनी काय करावे ?

१. तिशीनंतर घरातील प्रत्येकाने रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्यावर भरल्यास डॉक्टरांना दाखवावे व गोळी मनाने बंद करू नये.

२. तंबाखू, खर्रा, बिडी सोडावी. मीठ कमी करावे.

३. तपासणीचे सर्व कागद शेअर सर्टिफिकेटाप्रमाणे एका पिशवीत जपावे. घरातल्या दुसऱ्या माणसाला ती जागा माहीत असावी.

४. तोंड वाकडे झाले, हात किंवा पाय लुळा पडला, बोबडी वळली, तर वेळ पाहून ठेवावी आणि १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्याआधी मेंदूचे छायाचित्र काढावे लागते, कारण काही लकवे रक्तस्रावाचे असतात. म्हणून मनाने गोळी देऊ नये, आणि अंगारा-धुपारा व मालिश यांत वेळ दवडू नये.

एकरी उतारा आपण तोंडपाठ सांगतो. आपला रक्तदाबही तसाच सांगता आला पाहिजे. पुढच्या खेपेला गट ऑफिसात याल, तेव्हा वाटेत आरोग्य केंद्रावर थांबून यावे, ही विनंती.