नाममुद्रा आणि ख्याती: बीएमडब्ल्यूचा इतिहास, म्युनिक ते चेन्नई

तुमच्यापैकी जे वाणिज्य शाखेचे आहेत त्यांनी बारावीच्या पुस्तपालनात 'ख्याती' हा शब्द पाठ केला असेल. भागीदारी संस्थेत नवा भागीदार आला की सरासरी नफा काढायचा, त्याला दोन-तीन वर्षांच्या खरेदीने गुणायचे आणि आलेली रक्कम ताळेबंदात दाखवायची. उदाहरण सुटते, गुणही मिळतात. पण ख्याती नावाची ही अदृश्य मालमत्ता येते कोठून, कोण तयार करतो आणि ती विकता येते का, हे प्रश्न बाजूलाच राहतात. या टिपणात एका जर्मन मोटार कंपनीचा इतिहास घेऊन आपण त्यांच्याकडे पाहणार आहोत.

सुरुवात चेन्नईच्या अण्णा नगरपासून करू. १९६८ साली येथे जागतिक व्यापार मेळा भरला होता, आणि त्या निमित्ताने उभारलेला मनोरा आजही उद्यानात आहे. पुढे आखीव रस्त्यांची, ॲव्हेन्यूंची ही वसाहत चेन्नईतील सुखवस्तू भागांपैकी एक झाली. सेकंड ॲव्हेन्यूवर संध्याकाळी उभे राहिलात तर निळ्या-पांढऱ्या गोल चिन्हाची एखादी गाडी जाताना दिसतेच, आणि फुटपाथवरची दोन-चार डोकी तिच्याकडे वळतात. आता नकाशा पाहा. अण्णा नगरला लागून पाडी आहे. तेथे लुकास-टीव्हीएस आणि व्हील्स इंडिया हे कारखाने १९६० च्या दशकाच्या आरंभापासून आहेत. त्यांच्या स्टार्टर मोटरी आणि चाके देशभरच्या वाहनांत असतात, पण त्यांच्याकडे बघायला कोणी मान वळवत नाही. ज्या गाडीकडे मान वळते, ती मात्र बहुधा चेन्नईच्या दक्षिणेला, चेंगलपट्टूजवळच्या महिंद्रा वर्ल्ड सिटीत जोडलेली असते. अण्णा नगरच्या माणसासाठी दोन्ही कारखाने आपल्याच भागातले, तरी मान एकाच नावाकडे वळते. हा फरक कसा पडला ते पाहू.

विमानाच्या इंजिनापासून

कंपनी आपला जन्म १९१६ चा मानते. 'बायेरिशे मोटोरेन वेर्के', म्हणजे बव्हेरियाचा इंजिन कारखाना, हे नाव १९१७ चे. नावात मोटारगाडी नाही हे लक्षात घ्या. पहिल्या महायुद्धात ही कंपनी विमानांची इंजिने बनवत होती. युद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत विमान इंजिनांवर बंदी आली आणि मग रेल्वेचे ब्रेक बनवून दिवस काढावे लागले. १९२३ साली आर ३२ ही मोटरसायकल आली. मोटारगाड्या त्याहून उशिरा, १९२८ मध्ये आयझेनाखचा एक कारखाना विकत घेतल्यावर सुरू झाल्या. तेथे बनणारी 'डिक्सी' ही छोटी गाडी म्हणजे इंग्लंडच्या ऑस्टिन सेव्हनची परवान्यावर काढलेली आवृत्ती होती. म्हणजे आज ज्यांचे नाव ऐषआरामाशी जोडले जाते, त्यांनी पहिली गाडी दुसऱ्याच्या आराखड्यावर बनवली, तीही स्वस्तातली. परवान्यावर गाडी काढण्याला आपल्याकडे उगाच कमी लेखतात.

चिन्हाची एक दंतकथाही येथे मोडून ठेवू. ते फिरणाऱ्या पंख्याचे चित्र आहे असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात निळा आणि पांढरा हे बव्हेरिया राज्याचे रंग आहेत. १९२९ च्या सुमारास एका जाहिरातीत विमानाच्या पंख्यावर हे चिन्ह दाखवले गेले आणि लोकांनी अर्थ उलटा लावला. कंपनीने तो गैरसमज दूर करण्याची फारशी घाई केली नाही, कारण दंतकथा सोयीची होती.

या इतिहासात एक पान असे आहे की ते गाळले तर बाकीचे वाचण्यात अर्थ नाही. दुसऱ्या महायुद्धात म्युनिकजवळच्या आलाख येथील कारखान्यात विमान इंजिने बनवण्यासाठी सक्तीचे मजूर राबवले गेले, त्यांत डाखाऊ छळछावणीचे कैदीही होते. पुढे ज्या क्वांट कुटुंबाने ही कंपनी वाचवली, त्या कुटुंबाच्या बॅटरी उद्योगातही छळछावणीच्या कैद्यांचे श्रम वापरले गेले होते. कुटुंबाने स्वतः इतिहासकाराकडून करून घेतलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपनीने २०१६ साली शताब्दीच्या वेळी या भूतकाळाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. ख्यातीच्या सूत्रात हा आकडा कोठे बसवायचा, हे पुस्तपालनाचे पुस्तक सांगत नाही.

९ डिसेंबर १९५९ची सभा

युद्धानंतर कंपनीची स्थिती विचित्र होती. एका टोकाला ५०१ सारख्या महागड्या, मोठ्या गाड्या आणि ५०७ ही देखणी स्पोर्ट्स कार, जिच्या जेमतेम अडीचशे प्रती निघाल्या आणि प्रत्येकीवर तोटा झाला. दुसऱ्या टोकाला इझेटा, म्हणजे इटलीहून परवान्यावर घेतलेली अंड्याच्या आकाराची गाडी, जिचे दार समोरून उघडते. तिच्या दीड लाखाहून अधिक प्रती खपल्या, पण प्रत्येक गाडीमागे नफा थोडा. मधल्या उत्पन्नाच्या जर्मन कुटुंबाला परवडेल अशी गाडी या कंपनीकडे नव्हतीच.

१९५९ अखेर व्यवस्थापनाने आणि बँकेने भागधारकांपुढे प्रस्ताव ठेवला की कंपनी डाइमलर-बेंझच्या, म्हणजे मर्सिडीजवाल्यांच्या, ताब्यात द्यावी. ठराव मंजूर होणार हे जवळपास ठरलेले होते. मात्र छोटे भागधारक आणि गाड्या विकणारे डीलर अडून बसले. त्यांच्या वकिलाने ताळेबंदात एक दोष दाखवला. ७०० या नव्या छोट्या गाडीच्या विकासाचा सगळा खर्च एकाच वर्षात खर्ची टाकला होता, जेव्हा तो पुढील वर्षांवर विभागायला हवा होता. त्यामुळे तोटा होता त्यापेक्षा मोठा दिसत होता. ताळेबंदावर असा आक्षेप आला आणि दहा टक्के मते मिळाली तर सभा तहकूब करता येते, अशी कायद्यात तरतूद होती. तेवढी मते मिळाली, सभा तहकूब झाली आणि विक्री बारगळली.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. विकास खर्च एका वर्षात टाकावा की अनेक वर्षांत, हा तुमच्या परीक्षेतला पाच गुणांचा प्रश्न आहे. १९५९ साली त्यावर एका कंपनीचे अस्तित्व ठरले. शिवाय तिच्यासाठी भांडले कोण, तर तिच्या गाड्या विकणारे आणि थोडे शेअर बाळगणारे लोक. कंपनीच्या नावाची किंमत तिच्या बँकेपेक्षा त्यांना अधिक दिसत होती.

त्यानंतर हर्बर्ट क्वांट यांनी आपला हिस्सा वाढवला आणि १९६१ मध्ये 'नॉये क्लासे', म्हणजे नवी श्रेणी, या मालिकेतील १५०० ही गाडी फ्रँकफुर्टला दाखवली गेली. ती मध्यम आकाराची, चार दारांची, पण चालवायला चपळ अशी होती. १९६८ ची २००२ ही दोन दारांची गाडी त्याच घराण्यातली. आजची ख्याती खरे तर येथून मोजायला हवी. मर्सिडीज ही मागे बसणाऱ्या साहेबाची गाडी, तर बीएमडब्ल्यू ही स्टिअरिंगवर बसणाऱ्याची, अशी विभागणी ग्राहकांच्या मनात पडली. १९७० च्या दशकात अमेरिकेतील जाहिरातींनी 'चालवण्यासाठीचे सर्वोत्तम यंत्र' अशा आशयाचे घोषवाक्य केले आणि ते टिकले. घोषवाक्य टिकण्यामागे शब्दांचा वाटा थोडा. आधी तशा गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.

नाव वेगळे, कारखाना वेगळा

ख्याती सुटी काढून विकता येते का? याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. १९९८ साली इंग्लंडची रोल्स-रॉइस मोटार कंपनी विक्रीला निघाली. फोक्सवागनने ४३ कोटी पौंड देऊन क्रू गावचा कारखाना, यंत्रे, आराखडे आणि बेंटली हे नाव घेतले. पण 'रोल्स-रॉइस' हे नाव विमान इंजिने बनवणाऱ्या स्वतंत्र कंपनीच्या मालकीचे होते. त्या कंपनीने ते वापरण्याचा हक्क ४ कोटी पौंडांना बीएमडब्ल्यूला दिला. परिणामी एकाकडे कारखाना आणि दुसऱ्याकडे नाव. तडजोडीनंतर २००३ पासून गुडवुड येथे नव्याने उभारलेल्या कारखान्यात बीएमडब्ल्यू रोल्स-रॉइस बनवू लागली.

उलट उदाहरणही याच कंपनीचे. १९९४ मध्ये तिने ब्रिटनचा रोव्हर समूह विकत घेतला, सहा वर्षे पैसा ओतला आणि २००० साली रोव्हरचा मोटार व्यवसाय नाममात्र १० पौंडांना सोडून दिला. मिनी हे नाव मात्र स्वतःकडे ठेवले. लँड रोव्हर फोर्डकडे गेली आणि २००८ मध्ये जग्वारसह २३० कोटी डॉलरला मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आली.

चेन्नई आणि आकुर्डी

भारतात मर्सिडीज आधी आली. १९९४ मध्ये पुण्यात तिची कंपनी स्थापन झाली आणि पिंपरीला गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा कारखाना मार्च २००७ मध्ये सुरू झाला. येथे 'बनवणे' आणि 'जोडणे' हे शब्द काळजीपूर्वक वापरले पाहिजेत. तयार गाडी आयात केली तर सीमाशुल्क फार जबर असते. २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात महागड्या गाड्यांवर ते ७५ वरून १०० टक्के केले गेले. सुटे भाग आणून येथे जोडले, ज्याला व्यवहारात 'सीकेडी' म्हणतात, तर शुल्क बरेच कमी. पण २०११ च्या अर्थसंकल्पाने 'सुटे भाग' या शब्दाची व्याख्या आवळली. इंजिन आणि गिअरबॉक्स परदेशातून जोडूनच आणला तर सवलत पूर्ण मिळणार नाही. याचा अर्थ उघड होता. इंजिनही इथेच जोडावे.

ते काम २०१५ मध्ये पुण्याच्या फोर्स मोटर्सने घेतले आणि त्यासाठी चेन्नईतच स्वतंत्र शाखा उभारली. ही फोर्स मोटर्स म्हणजे पूर्वीची बजाज टेम्पो, न. के. फिरोदिया यांनी १९५८ मध्ये सुरू केलेली. हॅम्बुर्गच्या 'टेम्पो' या जर्मन नाममुद्रेची तीनचाकी ती परवान्यावर बनवत असे. पुढे आकुर्डीला कारखाना आला. आज आपण घरसामान हलवायला 'टेम्पो बोलावतो', मग तो कोणत्याही कंपनीचा असो. हॅम्बुर्गचे ते नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. नावाला एवढी ओळख मिळाली की मालकाला त्याचा काही उपयोग उरला नाही. बीएमडब्ल्यूने ओळखीसोबत अंतरही राखले, म्हणून ते नाव अजून विशेषनामच आहे.

त्याच वर्षी चेन्नईच्या गाड्यांतील स्थानिक भागांचे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत गेल्याचे कंपनीने जाहीर केले. आसने, दारांची आतली आवरणे, ॲक्सल, धुराड्याची नळी असे भाग भारतातील पुरवठादारांकडून येऊ लागले. प्रसिद्धीसाठी सचिन तेंडुलकर यांनी कारखान्यात एक गाडी जोडायला हात लावला. २०१८ मध्ये अभियांत्रिकी आणि तंत्रसंस्थांना शिकण्यासाठी ३६५ इंजिने देण्याची योजना सुरू झाली. तुमच्या महाविद्यालयात त्यातले एखादे आले असेल, तर ते काचेत न ठेवता उघडायला मागा.

विक्रीत ही कंपनी २००९ ते २०१२ देशात ऐषआरामी गाड्यांत पहिली होती. नंतर ऑडी, आणि २०१५ पासून मर्सिडीज पुढे गेली. पण मला त्याहून बोलका वाटतो तो एक बदल. स्टिअरिंगवरच्या आनंदाचे नाव मिरवणारी गाडी भारतात बहुधा पगारी ड्रायव्हर चालवतो आणि मालक मागे बसतो. कंपनीने हे ओळखले. २०२१ मध्ये ३ मालिकेची आणि २०२४ मध्ये ५ मालिकेची लांब चाकतळाची, मागे पाय पसरता येतील अशी आवृत्ती चेन्नईतून बाजारात आली. जर्मनीत साठ वर्षे सांगितलेली गोष्ट येथे हळूच मागच्या सीटवर सरकली.

आणि काही ख्याती कंपनीच्या हातातच नसते. जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीत रात्री भरधाव गाडीखाली सहा जण मेले, त्यांत तीन पोलीस होते. खटला 'बीएमडब्ल्यू प्रकरण' याच नावाने वर्तमानपत्रांत गाजला. जुलै २०२४ मध्ये वरळीत स्कूटरवरील महिलेचा मृत्यू झाला, तेव्हाही मथळ्यात गाडीचेच नाव होते. सामान्य गाडीने अपघात झाला तर मथळा 'मोटारीची धडक' असा असतो. नाव छापले जाते ते नावात पैसा आणि सत्ता वाचली जाते म्हणून. म्युनिकच्या जाहिरात विभागाने जे कमावले, त्याचाच हा दुसरा अर्थ.

स्वाध्याय

१९९८ च्या व्यवहारातील दोन रकमा घ्या: कारखान्यासाठी ४३ कोटी, नावासाठी ४ कोटी पौंड. पुस्तकातील सरासरी नफा पद्धतीने नावाची किंमत एवढी कमी येईल का, ते तपासा. मग विक्रेत्याच्या बाजूने विचार करा: नाव ज्याच्या मालकीचे होते ती कंपनी स्वतः मोटारी बनवत नव्हती. तिच्यासाठी त्या नावातून मिळणारा मोटारींचा नफा किती होता? उत्तर एका परिच्छेदात लिहा, आणि आपल्या गावातील एखाद्या दुकानाचे नाव मालक बदलल्यावरही चालू राहिले असेल तर त्याचे उदाहरण जोडा.