ओळख देणारा

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातू देगलूरला आला होता. दुपारची जेवणं झाल्यावर मी ओसरीवर लवंडलो होतो. तो मोबाइल घेऊन शेजारी आला आणि म्हणाला, "आबा, एक भन्नाट गाणं दाखवतो. एका अमेरिकन सिनेमाची सुरुवातच या गाण्यानं होते."

पहिला ढोल वाजला आणि मी उठून बसलो. सोनेरी पोशाखातली, डोळ्यांवर काळा मुखवटा लावलेली ती मुलगी, तिच्याभोवती तसेच मुखवटे घातलेले नर्तक, मागे गिटारवाले आणि ड्रमवाला. अरे, हे तर आमचं 'जान पहचान हो'! 'गुमनाम'मधलं!

"कोण गातंय?" नातवानं विचारलं.

"रफी," मी रुबाबात सांगितलं.

"तसं नाही आबा. हा जो दिसतोय तो कोण? ही मुलगी कोण? आणि ड्रमवर हे नाव कुणाचं आहे?"

मी गप्प झालो. पन्नास वर्षांहून जास्त काळ मी हे गाणं ऐकत आलो होतो. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

'गुमनाम' 1965 चा. आमच्याकडे नवा सिनेमा यायचा तो नांदेड, निजामाबाद करून, जुना होऊन. मी सहावी-सातवीत असताना तो आमच्या गावच्या टॉकीजमध्ये लागला. देगलूर हे सीमेवरचं गाव. इथल्या बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू आणि थोडी कानडी अशा चारही भाषा एकाच वेळी कानावर पडतात. त्यामुळे 'जान पहचान' म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. गाणं सुरू झालं तशी पुढच्या बाकांवर शिट्ट्यांची आतषबाजी झाली. दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मी मुलं पुठ्ठ्याचे काळे मुखवटे लावून आली आणि गुरुजींच्या छड्या खाऊन घरी गेली.

सिनेमाचे दिग्दर्शक राजा नवाथे मराठी आणि नायिका नंदा म्हणजे मास्टर विनायकांची मुलगी. कथा अॅगाथा ख्रिस्तीच्या गाजलेल्या कादंबरीच्या वळणाची. क्लबात हा नाच होतो, पाठोपाठ सोडत निघते, भाग्यवंतांना सहलीचं बक्षीस मिळतं आणि मग एका निर्जन ठिकाणी त्यांचे एकामागून एक खून होऊ लागतात. गाण्याचा त्या रहस्याशी काडीचा संबंध नाही. पण रहस्य एकदा उलगडलं की संपतं. हे गाणं काही अजून संपलेलं नाही.

नातवाच्या प्रश्नांची उत्तरं मी सवडीनं शोधली. ड्रमवरचं नाव आहे टेड लायन्स अँड हिज कब्ज. टेड लायन्स आणि त्याचे छावे! साठीच्या दशकात बीटल्सचं वारं जगभर सुटलं होतं. मुंबईतही पोरं गिटारी घेऊन बँड काढू लागली होती. त्याच 1965 साली शम्मी कपूरच्या 'जानवर'मध्ये तर बीटल्सच्या एका गाण्याची चालच उचलली होती. अशा मुंबईकर बँडांपैकी हा एक. आज त्यांचं नाव जगात घेतलं जातं ते या एका गाण्यामुळे. त्यातही गंमत अशी, की पडद्यावर बँड त्यांचा, पण गळा रफीचा.

माइकसमोर अंगात आल्यासारखा गाणारा जो माणूस दिसतो, तो हर्मन बेंजामिन. तो गायक नव्हेच, या नाचाचा नृत्यदिग्दर्शक. त्यानं नाच बसवला आणि रफीच्या आवाजावर ओठही हलवले. ती मुखवट्याची मुलगी लक्ष्मी छाया. जन्म 1948 चा, म्हणजे वय अवघं सतरा. मान अशी झटकते की आपल्याच मानेत कळ यावी. पुढे 'मेरा गाँव मेरा देश'मध्ये ती लोकांच्या लक्षात राहिली. पण ज्या नाचानं तिला जगभर नेलं, त्यात तिचा चेहरा झाकलेला होता.

आणि संगीत? ते शंकर-जयकिशन यांचं. यातले शंकर हैदराबादेत वाढलेले, म्हणजे एका अर्थी आमच्याच जुन्या निजामी मुलखातले. मूळचे तबलजी. जयकिशन गुजरातेतल्या बांसद्याचे, हार्मोनियमवाले. तबला-पेटीची ही जोडी रॉक अँड रोल करते कशी? याचं उत्तर मिळतं त्यांच्या दोन सहायकांपाशी, आणि ते दोघंही गोव्याचे. ठेक्याची बाजू दत्ताराम वाडकर सांभाळत. वाद्यमेळ रचायचा, कुणी कधी काय वाजवायचं हे पाश्चात्त्य स्वरलिपीत कागदावर उतरवायचं, हे काम सेबॅस्टियन डिसूझा यांचं. फाळणीपूर्वी लाहोरात ते स्वतःचा बँड चालवीत. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवत. त्या शाळांतून निघालेले वादक रात्री मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत हिंदी गाणी. आपल्या सी. रामचंद्रांनीही 'अलबेला'त या मंडळींकडून बहार उडवून घेतली होती.

ही मंडळी वाजवायची, पाकीट घ्यायची आणि लोकल पकडून घरी जायची. तबकडीवर वादकांची नावं छापायची रीत नव्हती. वादकांचं सोडा, 1949 च्या 'महल'मधलं लताबाईंचं गाणं गाजलं तेव्हा तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! लोकांनी रेडिओकडे चौकशी केली, तेव्हा कुठे खरं नाव बाहेर आलं. लताबाईंना विचारणारे निघाले. बाकीच्यांना कोण विचारणार?

पुढे 2001 साली 'घोस्ट वर्ल्ड' हा अमेरिकन चित्रपट आला. टीव्हीवर हेच गाणं लावून त्यातली कंटाळलेली पोर आपल्या खोलीत बेभान नाचते. हिंदीचा गंध नसलेल्या देशांतले लोक हे गाणं शोधू लागले. 2004 साली लक्ष्मी छाया गेली. 2011 मध्ये एका डच बियर कंपनीनं हे गाणं जाहिरातीत वापरलं आणि ते पुन्हा जगभर वाजलं. ज्यांनी ते घडवलं, त्यांतले बहुतेक तोवर काळाच्या पडद्याआड गेले होते. शंकर, जयकिशन, रफी कुणीच उरलं नव्हतं.

हे सगळं नातवाला सांगताना मला आमचा क्लॅरिनेटवाला आठवला.

आमच्या भागात हे गाणं रेडिओपेक्षा वरातीत जास्त वाजलं. बँड चौकात आला की पोरं ओरडायची, "गुमनाम लाव बे!" मग एक काटकुळा माणूस, टोपी मागे सारून, डोळे मिटून क्लॅरिनेट तोंडाला लावायचा आणि रफीला उतरवून आणायचा. आमच्या कितीतरी लग्नांत तो वाजवत होता. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. बँडवाला, बस्स.

1988 च्या सुमारास मी जवळच्याच एका गावी बँकेत अधिकारी होतो. त्या काळी खातं उघडायच्या अर्जावर एक रकाना असे, 'ओळख देणारा'. बँकेच्या एखाद्या खातेदारानं तिथं सही करायची, की या गृहस्थांना मी ओळखतो. आता आधार कार्डाच्या जमान्यात तो रकाना राहिला नाही. एके दिवशी एक माणूस अर्ज घेऊन समोर उभा राहिला. सगळं भरलेलं होतं, तेवढा रकाना कोरा.

"ओळखीचं कुणी आणा," मी मान वर न करता म्हणालो.

"साहेब, इथं ओळखीचं कोन हाय मला?"

"मग खातं उघडता येणार नाही."

तो गेला. आठवड्यानं एका पानपट्टीवाल्याची सही घेऊन परत आला. मी शिक्का मारला. पासबुक हातात घेताना तो हसून म्हणाला, "साहेब, तुमच्या वरातीत मीच वाजवलं होतं. तुम्ही नाचलेत बी."

मी वर पाहिलं. खरंच होतं. नवरदेवानं घोड्यावरून उतरून नाचायचं, असं मित्रांनी भरीला घातलं होतं आणि गाणं हेच होतं. वाचकहो, त्या अर्जावर सही करायला मीसुद्धा चाललो असतो. बँकेच्या माणसाला ओळख देता येत असे. पण त्याला वीस वर्षं ऐकूनही मी ओळखत नव्हतो. 'ओळख होऊ द्या' असं सांगणाऱ्या गाण्यावर आम्ही सगळे नाचलो, आणि वाजवणाऱ्याची ओळख करून घ्यायचं तेवढं राहून गेलं. नोकरीत माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या. त्यांची चौकशी झाली, खुलासे झाले, त्या मिटल्या. ही चूक कुठल्याच वहीत नोंदलेली नव्हती, म्हणून ती मिटली नाही.

नंतर तो दर महिन्याला पैसे भरायला यायचा. मी त्याला खुर्ची द्यायचो, चहा सांगायचो. लग्नसराईत जास्त भरायचा, पावसाळ्यात काढायचा. एकदा मी विचारलं, हे वाजवायला शिकलात कुठं? म्हणाला, वडिलांकडून, आणि वडील टॉकीजच्या भिंतीला कान लावून. तिकिटाला पैसे नसायचे.

नातू हे सगळं ऐकत होता. त्यानं मोबाइलवर एक यादी केली होती. टेड लायन्स, हर्मन बेंजामिन, लक्ष्मी छाया, सेबॅस्टियन डिसूझा, दत्ताराम.

"आणि तुमचा तो क्लॅरिनेटवाला? त्याचं नाव काय?"

मी सांगितलं. त्याचं, त्याच्या वडिलांचं आणि आडनावही. अर्जावर होतं तसं, पूर्ण. नातवानं ते यादीत सर्वांत शेवटी लिहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, खोडलं आणि सर्वांत वर घेतलं.