जहाजं वाढली, नार्व्हाल कुठे गेले? आर्क्टिकमधल्या एका गावाचा प्रश्न

आर्क्टिकमधला बर्फ वितळतोय आणि समुद्र जहाजांसाठी खुला होतोय, ही बातमी बहुतेक वेळा 'युरोप ते आशिया नवा शॉर्टकट' अशा मथळ्याखाली येते. प्रत्यक्षात तिथे वाढलेली बरीचशी वाहतूक शॉर्टकटची नाहीच. मासेमारीची जहाजं, पर्यटकांच्या क्रूझ आणि तिथलंच खनिज, तेल, वायू बाहेर नेणारी जहाजं, असा हा सगळा मामला आहे. आर्क्टिक कौन्सिलच्या आकडेवारीनुसार २०१३ ते २०२३ या काळात तिथे शिरणाऱ्या जहाजांची संख्या ३७ टक्क्यांनी वाढली. या जहाजांनी कापलेलं एकूण अंतर तर दुपटीपेक्षा जास्त झालं.

याचा स्थानिकांवर काय परिणाम होतो, हे समजून घ्यायला कॅनडातलं पाँड इनलेट हे गाव पुरेसं आहे.

बॅफिन बेटाच्या उत्तर टोकाला, नुनावुत प्रदेशातलं हे साधारण दीड हजार वस्तीचं गाव. बहुसंख्य लोक इनुइट. समोर एक्लिप्स साउंड नावाची खाडी आहे आणि दर उन्हाळ्यात तिथे नार्व्हाल येतात. नार्व्हाल म्हणजे लांब सुळा असलेला व्हेल. (हा सुळा म्हणजे खरं तर त्याचा दात. मध्ययुगीन युरोपात तो एकशिंगी घोड्याचं शिंग म्हणून विकला जायचा.) इनुइटांसाठी मात्र नार्व्हाल म्हणजे घरातलं अन्न. त्याची कातडी आणि खालची चरबी, म्हणजे 'मक्ताक', हा त्यांचा पारंपरिक आहार. जिथे भाजीपाला उगवत नाही, तिथे क जीवनसत्त्व पिढ्यानपिढ्या यातूनच मिळालं. दुकानातल्या वस्तू दक्षिणेतून विमानाने किंवा जहाजाने येतात आणि प्रचंड महाग असतात. त्यामुळे शिकार घटली की थेट खर्च वाढतो.

२०१५ पासून या खाडीतून लोहखनिजाची जहाजं जाऊ लागली. बॅफिनलँड कंपनीच्या मेरी रिव्हर खाणीतलं खनिज ट्रकने सुमारे १०० किलोमीटरवरच्या मिल्न इनलेट बंदरावर येतं आणि उन्हाळ्याच्या काही महिन्यांत तिथून जहाजांनी बाहेर जातं. नेमके हेच महिने नार्व्हालचे इथे येण्याचे.

आवाजाने एवढं काय बिघडतं?

नार्व्हाल जवळजवळ सगळं कानांनी 'बघतो'. तो दीड किलोमीटरहून खोल, मिट्ट काळोखात बुडी मारतो, टिकटिक असे ध्वनी सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि खूप दूरवर पोहोचतो. पूर्व ग्रीनलंडमध्ये संशोधकांनी नार्व्हालना यंत्रं लावून प्रयोग केले. जहाज आणि त्यावरच्या भूकंपीय सर्वेक्षणाच्या एअरगनचा आवाज सुरू असताना, जहाज १२ किलोमीटरवर असतानाच त्यांची भक्ष्य पकडण्याची हालचाल निम्म्यावर आली. ७-८ किलोमीटरवर ती थांबलीच. खनिजवाहू जहाजाला एअरगन नसते, तेव्हा हा आकडा तसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण हा प्राणी किती हळवा आहे, ते यातून कळतं.

एक्लिप्स साउंडमधल्या हवाई गणनेचे आकडे तर चक्रावणारे आहेत. २०१६ मध्ये तिथे अंदाजे १२ हजार नार्व्हाल होते. २०२० मध्ये सुमारे ५ हजार आणि २०२१ मध्ये जेमतेम २,६००. सगळेच मेले असं नाही, बरेचसे दुसऱ्या खाड्यांकडे वळले असावेत. कारणांबद्दलही वाद आहे. शिकारी जहाजांकडे बोट दाखवतात, तर कंपनीने बदलता बर्फ आणि किलर व्हेलसारखी कारणंही पुढे केली. कंपनीने जहाजांना ९ नॉट्सची वेगमर्यादाही घातली. पण ज्याच्या ताटातलं अन्न दूर गेलं, त्याला या वादाचा काय उपयोग?

मग गावाने काय केलं?

कंपनीला उत्पादन वर्षाला ६० लाख टनांवरून १ कोटी २० लाख टनांवर न्यायचं होतं. म्हणजे आणखी जहाजं. फेब्रुवारी २०२१ मध्ये काही इनुइट शिकारी स्नोमोबाइलवरून खाणीपर्यंत गेले आणि कडाक्याच्या थंडीत जवळपास आठवडाभर धावपट्टी आणि रस्ता अडवून बसले. प्रकरण कोर्टात गेलं. मे २०२२ मध्ये नुनावुतच्या पुनरावलोकन मंडळाने हा विस्तार नाकारण्याची शिफारस केली आणि नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने तो फेटाळला.

याला 'इनुइट विरुद्ध खाण' असं रूप देणं सोपं आहे, पण ते अर्धसत्य ठरेल. खाणीत इनुइट लोक नोकऱ्या करतात, इनुइट संघटनेला रॉयल्टी मिळते आणि त्या भागात दुसरे रोजगार फार कमी आहेत. एकाच घरात शिकारीही असतो आणि खाणीत काम करणाराही.

इंधनाचंही तसंच. जहाजांचं स्वस्त, डांबरासारखं घट्ट हेवी फ्युएल ऑइल थंड पाण्यात सांडलं तर महिनोन्महिने टिकतं आणि त्याची काजळी बर्फावर बसली की बर्फ लवकर वितळतो. अंटार्क्टिकामध्ये त्यावर २०११ पासून बंदी आहे. आर्क्टिकमध्ये ती १ जुलै २०२४ ला लागू झाली, पण सवलतींसह. दुहेरी तळाच्या काही जहाजांना २०२९ पर्यंत मोकळीक आहे. कॅनडाने गावांना रसद पुरवणाऱ्या जहाजांनाही २०२६ पर्यंत सूट दिली, कारण महाग इंधनाचा बोजा शेवटी पाँड इनलेटसारख्या गावातल्या पिठाच्या आणि दुधाच्या किमतीवरच पडणार.

विस्तार फेटाळला गेल्यावर कंपनी आता दक्षिणेकडच्या स्टीन्सबी बंदराच्या योजनेकडे वळली आहे. तिला २०१२ मध्येच मंजुरी मिळालेली आहे. तिथे रेल्वे येईल आणि जहाजं फक्त उन्हाळ्यात नाही, तर बर्फ फोडत बाराही महिने चालतील. त्या फॉक्स बेसिनमध्ये नार्व्हालपेक्षा वॉलरसची शिकार महत्त्वाची आहे आणि हिवाळ्यात गोठलेला समुद्र हाच तिथल्या लोकांचा रस्ता असतो.