चित्रपटांचे एककालिक प्रदर्शन आणि उत्पन्नाच्या वाटणीचा प्रश्न

नवा चित्रपट ज्या दिवशी चित्रपटगृहात लागतो त्याच दिवशी तो घरबसल्या पाहण्यासाठीही उपलब्ध करून देणे, या प्रथेस एककालिक प्रदर्शन असे म्हणता येईल. इंटरनेटवरून चित्रपट घरोघरी पोहोचविणाऱ्या ज्या सेवा व्यवहारात ओटीटी या नावाने ओळखल्या जातात, त्यांच्या प्रसारामुळे या प्रथेची चर्चा विशेष होऊ लागली. ही चर्चा बहुधा प्रेक्षकाच्या आवडीभोवती फिरते. मोठ्या पडद्याचा आनंद श्रेष्ठ की घरची सोय श्रेष्ठ, असा तिचा रोख असतो. तथापि चित्रपटव्यवसायाची घडण ध्यानी घेता या वादाचे मूळ अन्यत्र असल्याचे दिसते. चित्रपटाचे उत्पन्न कोणत्या मापाने मोजावयाचे आणि ते कोणी किती वाटून घ्यावयाचे, हा तो मूळ प्रश्न होय. प्रस्तुत लेखात याच अंगाने विषयाचा विचार केला आहे.

१. राखीव मुदतीचा उगम

एकच चित्रपट निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या वेळी दाखविण्याची रीत ओटीटीहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत १९३० व १९४०च्या दशकांत चित्रपट प्रथम शहराच्या मध्यवस्तीतील मोठ्या चित्रपटगृहांत लागे. तेथील खेळ उतरल्यावर ठराविक दिवस लोटल्याखेरीज तो स्वस्त दराच्या चित्रपटगृहांना मिळत नसे. १९४८ साली पॅरामाउंट व इतर कंपन्यांविरुद्धच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने या मुदतींचीही छाननी केली. आधी चित्रपट घेणाऱ्यास वाजवी संरक्षण मिळावे इतपत मुदत ग्राह्य, त्याहून अधिक मुदत मात्र अग्राह्य, असा त्या निर्णयाचा आशय होता. भारतात हे अंतर मुख्यतः प्रिंटांच्या मर्यादित संख्येमुळे पडे. मुंबई-पुण्यात लागलेला चित्रपट तालुक्याच्या गावी किंवा जत्रेतील तंबूत पोहोचेपर्यंत महिनेच्या महिने जात.

या व्यवस्थेचे आर्थिक मर्म सोपे आहे. ज्याला चित्रपट आधी पाहावयाचा आहे तो अधिक दाम मोजतो. ज्याची थांबण्याची तयारी आहे त्याला तो स्वस्तात मिळतो. अर्थशास्त्रात ज्यास किंमतभेद म्हणतात त्याचेच हे एक रूप असून काळ हे त्याचे साधन आहे. पुढे दूरचित्रवाणी, व्हिडिओ कॅसेट आणि डीव्हीडी ही माध्यमे आली, तीही याच शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर बसविली गेली. २०२०पूर्वी अमेरिकेत चित्रपटगृहाची राखीव मुदत सामान्यतः तीन महिन्यांच्या आसपास होती. फ्रान्समध्ये तर या पायऱ्यांचा क्रम कायद्याच्या आधारे आखला जातो. तेथे वर्गणीवर चालणाऱ्या सेवांना पूर्वी ३६ महिने थांबावे लागे. २०२२च्या करारान्वये ही मुदत कमी झाली. फ्रेंच चित्रपटनिर्मितीत गुंतवणूक करण्याचे बंधन स्वीकारल्यामुळे नेटफ्लिक्सला १५ महिन्यांची सवलत मिळाली. मुदत ही देण्याघेण्याची वस्तू आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

२. प्रदर्शकाचा हिस्सा

चित्रपटगृहांचे चालक या मुदतीसाठी इतके आग्रही का असतात, हे कळण्यासाठी उत्पन्नाच्या वाटणीकडे पाहावे लागते. २००९ साली हिंदी चित्रपटांचे निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यात संघर्ष होऊन सुमारे दोन महिने नव्या चित्रपटांचे प्रदर्शन थांबले होते. तडजोडीत वितरकाचा हिस्सा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा ठरला. याचा अर्थ असा की, करवजा शंभर रुपये पहिल्या आठवड्यात जमल्यास प्रदर्शकास पन्नास रुपये मिळतात. तेच शंभर रुपये चौथ्या आठवड्यात जमल्यास सत्तर मिळतात. शिवाय खाद्यपेयांच्या विक्रीत वितरकाचा वाटा नसल्याने प्रेक्षक जितके दिवस येत राहील तितका प्रदर्शकाचा लाभ अधिक. चित्रपट पहिल्याच दिवशी घरी उपलब्ध झाला, तर प्रदर्शकास जे आठवडे सर्वाधिक लाभाचे तेच सर्वांत आधी ओस पडण्याचा संभव असतो. त्यातच घरच्या प्रक्षेपणातून पहिल्या दिवशीच स्वच्छ नक्कल निघू शकत असल्याने चोरट्या प्रतींचे भयही वाढते.

एककालिक प्रदर्शनाचे प्रारंभीचे प्रयोग अयशस्वी का झाले, याचे उत्तर येथे मिळते. स्टीव्हन सोडरबर्ग यांचा ‘बबल’ हा चित्रपट जानेवारी २००६मध्ये चित्रपटगृहांत व केबल वाहिनीवर एकाच दिवशी आला आणि चारच दिवसांत त्याची डीव्हीडीही निघाली. बहुतेक मोठ्या चित्रपटगृहसाखळ्यांनी तो दाखविण्याचे नाकारले. २०११ साली युनिव्हर्सल कंपनीने ‘टॉवर हाइस्ट’ हा चित्रपट तीन आठवड्यांनंतर ५९.९९ डॉलर शुल्क घेऊन दोन शहरांत घरपोच देण्याचे योजिले होते. प्रदर्शकांनी बहिष्काराचा इशारा देताच तो बेत सोडून द्यावा लागला.

३. तिकीट आणि वर्गणी

२०२० साली करोनाच्या साथीने चित्रपटगृहे बंद पडली आणि प्रदर्शकांच्या हातचे बहिष्काराचे शस्त्र बोथट झाले. युनिव्हर्सलने एप्रिलमध्ये ‘ट्रोल्स वर्ल्ड टूर’ घरपोच प्रदर्शित केला. एएमसी या मोठ्या साखळीने त्या कंपनीचे चित्रपट न दाखविण्याची घोषणा केली. परंतु जुलैमध्ये दोघांत समझोता झाला. राखीव मुदत किमान १७ दिवसांवर आली आणि त्याच्या मोबदल्यात घरपोच शुल्कातील काही वाटा एएमसीला देण्याचे ठरले. डिसेंबर २०२०मध्ये वॉर्नर ब्रदर्सने २०२१मधील आपले सर्व १७ चित्रपट अमेरिकेत चित्रपटगृहांबरोबरच एचबीओ मॅक्सवर, तेही वर्गणीतच, दाखविण्याचे जाहीर केले.

या दोन पद्धतींतील भेद महत्त्वाचा आहे. स्वतंत्र शुल्क आकारले की घरचे प्रेक्षणही एक प्रकारचे तिकीट ठरते. त्याची मोजदाद होते आणि वाटणी शक्य होते. वर्गणीच्या पद्धतीत ग्राहक महिन्याचे ठोक पैसे भरतो. त्यातील किती पैसे कोणत्या चित्रपटाने आणले, हे निश्चित सांगण्याचे सर्वमान्य माप नाही. ज्या कलावंतांचा व भागीदारांचा मोबदला तिकीटबारीच्या उत्पन्नाशी बांधलेला होता, त्यांच्या पायाखालचा आधारच या बदलाने निघून गेला. ‘ब्लॅक विडो’ हा चित्रपट ९ जुलै २०२१ रोजी चित्रपटगृहांत आणि सुमारे तीस डॉलर शुल्कावर डिस्ने प्लसवर एकदम आला. पहिल्या तीन दिवसांत अमेरिका-कॅनडातील तिकीटबारीवर सुमारे ८ कोटी आणि जगभरच्या घरपोच शुल्कातून सुमारे ६ कोटी डॉलर मिळाल्याचे सांगण्यात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस प्रमुख अभिनेत्री स्कार्लेट जोहान्सन यांनी करारभंगाचा दावा दाखल केला. सप्टेंबरअखेर तो तडजोडीने मिटला. वर्गणी नव्हे, तर शुल्क असतानाही जेथे वाद उद्भवला, तेथे ठोक वर्गणीच्या व्यवहारात तो अधिक बिकट होणार हे उघड आहे. वॉर्नरने २०२२मध्ये ही पद्धत सोडून ४५ दिवसांची राखीव मुदत स्वीकारली.

४. भारतातील अनुभव

भारतात ‘राधे’ हा हिंदी चित्रपट १३ मे २०२१ रोजी काही मोजक्या चित्रपटगृहांत व परदेशांत आणि त्याच दिवशी २४९ रुपये शुल्कावर घरपोच प्रदर्शित झाला. देशातील बहुतेक चित्रपटगृहे तेव्हा बंदच असल्याने या प्रयोगावरून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. ऑगस्ट २०२२पासून मल्टिप्लेक्सांनी हिंदी चित्रपटांसाठी आठ आठवड्यांची मुदत पुन्हा लागू केली.

या मुदतीस कितपत कायदेशीर बळ आहे, याची कसोटी मे २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लागली. ‘भूल चूक माफ’ हा चित्रपट ९ मे रोजी लागावयाचा होता. भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या दिवसांत सुरक्षेचे कारण देऊन निर्मात्यांनी आदल्या दिवशी तो चित्रपटगृहांऐवजी १६ मे रोजी थेट ओटीटीवर आणण्याचे जाहीर केले. पीव्हीआर आयनॉक्सने कराराच्या आधारे दावा लावला आणि न्यायालयाने ओटीटी-प्रदर्शनास अंतरिम मनाई केली. पुढे तडजोड होऊन चित्रपट २३ मे रोजी चित्रपटगृहांत आणि ६ जून रोजी ओटीटीवर आला. आठ आठवड्यांच्या जागी दोन आठवडे! न्यायालयात जिचा आग्रह धरला गेला ती मुदत वाटाघाटीत इतकी आकसू शकते, यावरून तिचे स्वरूप निसर्गनियमाचे नसून कराराचे आहे हे सिद्ध होते.

५. लहान चित्रपटांचा प्रश्न

या सर्व व्यवहारात मोठ्या कंपन्या आपापल्या हिताचे रक्षण करू शकतात. ज्यांच्याजवळ वाटाघाटीचे बळ नाही अशा लहान निर्मात्यांची, विशेषतः मराठी चित्रपटांच्या निर्मात्यांची, स्थिती निराळी आहे. सोयीच्या वेळेचे खेळ न मिळाल्याने जो चित्रपट दुसऱ्या आठवड्यातच उतरतो, त्याला दीर्घ राखीव मुदत म्हणजे केवळ विजनवास ठरतो: चित्रपटगृहात तो नाही आणि घरीही नाही. अशा चित्रपटास एककालिक प्रदर्शन उपकारक होईल, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु ते वर्गणीच्या पद्धतीने झाल्यास निर्मात्याच्या हाती एक ठोक रक्कम पडते आणि प्रेक्षकसंख्येचा हिशोब बहुधा सेवेजवळच राहतो. पुढील चित्रपटासाठी भाव ठरविताना त्याच्याजवळ पुरावा काही उरत नाही. या दृष्टीने आमिर खान यांनी ‘सितारे जमीन पर’ हा चित्रपट १ ऑगस्ट २०२५पासून, म्हणजे प्रदर्शनानंतर सहा आठवड्यांनी, यूट्यूबवर १०० रुपये शुल्काने उपलब्ध केला, तो प्रयोग अभ्यसनीय आहे. त्यात चित्रपटगृहाची मुदतही राखली गेली आणि घरच्या प्रत्येक प्रेक्षणाची मोजदादही शक्य झाली.

सारांश, राखीव मुदत किती दिवसांची असावी हा प्रश्न दुय्यम होय. चित्रपटाची लोकप्रियता, चित्रपटगृहांची संख्या व माध्यमांचे बळ यांनुसार ती कमी-अधिक होत आली आहे आणि पुढेही होईल. घरी पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटाचा हिशोब निर्माता, कलावंत व प्रदर्शक यांना तिकीटबारीवरील हिशोबाइतका तपासून घेता येईल काय, हा प्रश्न प्रथम सुटला पाहिजे. तो सुटल्याशिवाय झालेले एककालिक प्रदर्शन प्रेक्षकाच्या सोयीचे असेल. परंतु त्या सोयीचे मोल कोणी भरले, हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही.