हाडाला लागते तहान!

खिशात मावणारा घडीचा चाकू कधी पाहिलायस का? आजोबांच्या कपाटात किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात असतो बघ एखादा. पातं आत दुमडलेलं. मूठ पिवळसर पांढरी, गुळगुळीत. ती मूठ कशाची असेल, ओळख पाहू!

प्लॅस्टिक? चूक. लाकूड? तेही नाही. हाड! चक्क म्हशीचं, नाही तर उंटाचं हाड!

आणि नीट पाहिलं, तर जुन्या मुठीवर पुष्कळदा केसाएवढी बारीक चीर दिसते. चाकू कुणी आपटलेला नसतो. त्याच्यावर कुणी बसलेलंही नसतं. बिचारा कपाटात नुसता पडून असतो. तरी तडा! असं कसं?

ऐक. यातला गुन्हेगार एकच आहे. आणि तडा बुजवायला मदत करतो, तोही तोच! नाव इतक्यात सांगणार नाही हं.

आधी दिल्लीला चल. जुन्या दिल्लीत हस्तिदंतावर नक्षी कोरणारे कारागीर होते. बारीक जाळी, इवली फुलं, सगळं हाताने! पण त्या दातांसाठी जगभर हत्तींचा जीव जात होता. म्हणून १९८९ साली जगातल्या देशांनी एकत्र बसून हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरवलं. आपल्याकडचा कायदाही कडक झाला. मग कारागीर काय करणार? अनेकांनी हस्तिदंत खाली ठेवला आणि हाड उचललं!

दिल्लीहून काही तासांवर, उत्तर प्रदेशात, संभल नावाचं शहर आहे. तिथली सराय तरीन ही वस्ती तर हाडाच्या आणि शिंगाच्या कामासाठीच ओळखली जाते. कंगवे, बटणं, डब्या, दागिने, मुठी... सगळं तिथे घडतं.

मुठीसाठी बहुतेक वेळा जनावराच्या पायाचं हाड घेतात. का? ते सरळ असतं आणि त्याची भिंत जाड असते. हाड उकळून आतली चरबी काढतात. मग वाळवतात. मग त्याच्या पट्ट्या कापतात. चाकूच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी लावायची, आरपार धातूचे खिळे ठोकायचे, घासून चकचकीत करायचं. झाली मूठ!

आता भिंग आण. मुठीवर धर आणि बघ. काळपट ठिपके दिसले? मधेच बारीक बारीक रेघा? तो मळ नाही बरं का! ते बोगदे आहेत! जनावर जिवंत होतं, तेव्हा त्या बोगद्यांतून रक्तवाहिन्या जायच्या. हो, हाडाच्या आतून रक्त वाहतं! तुझ्या पायाच्या हाडात या क्षणीसुद्धा वाहतंय!

हे बोगदे बहुतेक सगळे हाडाच्या लांबीच्या दिशेने जातात. प्रत्येक बोगद्याभोवती हाडाचे गोल थर असतात, म्हणजे प्रत्येक बोगद्याची एक काडी तयार होते. अशा असंख्य काड्या शेजारी शेजारी चिकटल्या, की झालं पायाचं हाड.

अंगण झाडायचा खराटा आठव. सगळा जुडगा आडवा मोडायला गेलं, तर दम निघतो. पण दोन काड्यांच्या मधून बोट घालणं अगदी सोपं! हाडाचंही तसंच. ते आडवं सहसा तुटत नाही, पण काड्यांच्या मधून उभं चिरतं. म्हणून मुठीवरचा तडा बहुधा लांबीच्या दिशेनेच धावतो. आहे की नाही गंमत?

बरं, या काड्या कशाच्या बनलेल्या असतात? हाडाच्या वजनाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस असलेलं एक खनिज. त्यामुळे हाड कडक होतं. उरलेल्यात असतात कोलॅजेन नावाचे चिवट धागे. त्यांच्यामुळे हाड जरासं लवतं आणि चटकन तुटत नाही. आणि तिसरी गोष्ट? पाणी!

सापडला गुन्हेगार! पाणी!

वाळलेल्या हाडातही थोडं पाणी उरतंच. हवा कोरडी झाली, की हाड आपलं पाणी हवेला देऊन टाकतं आणि आक्रसतं. हवा दमट झाली, की हाड हवेतलं पाणी शोषून घेतं आणि फुगतं. जनावर जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी हाडाला तहान लागतेच!

दिल्लीची हवा तर या खेळातली उस्ताद. मे महिन्यात लू वाहते, म्हणजे भाजून काढणारा कोरडा वारा. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुपारी हवेतली आर्द्रता कित्येकदा २० टक्क्यांच्याही खाली येते. आणि ऑगस्टच्या सकाळी? तीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर! बिचारी मूठ वर्षभर आक्रसतेय आणि फुगतेय.

नुसतं एवढंच असतं, तरी चाललं असतं. पण ते खिळे आठवतात ना? धातूला तहान लागत नाही. हवा कोरडी असो की दमट, खिळा होता तेवढाच राहतो. चहूबाजूंनी हाड आक्रसायला बघतं आणि मधे खिळा ठाम उभा! शेवटी कुणीतरी हार मानणारच. हाड मानतं. म्हणून तडा पुष्कळदा खिळ्याच्या भोकापासूनच सुरू होतो. खिळा लोखंडाचा असेल, तर आणखी पंचाईत. लोखंड गंजलं की गंज जास्त जागा मागतो आणि हाडाला आतून ढकलतो!

आता दुरुस्ती. हे काम मोठ्यांचं हं! चाकूला धार असते. आपण शेजारी बसून बघायचं.

आधी मऊ कोरड्या ब्रशने चिरेतली धूळ काढायची. मग पाण्यासारखा पातळ, झटपट चिकटणारा गोंद घ्यायचा. फेविक्विक माहीत आहे ना, त्या जातीचा. चिरेच्या एका टोकाला इवलासा थेंब ठेवायचा. आणि बघत राहायचं.

थेंब आपोआप चालायला लागतो! कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही. तो चिरेत शिरतो आणि बारीक चमकती रेघ होऊन पुढे पुढे सरकतो. जागा जितकी अरुंद, तितक्या जोराने द्रव पदार्थ आत ओढला जातो. याला म्हणतात केशाकर्षण. चहात बिस्किटाचं टोक बुडवलं, की चहा वर चढतो, ते याच्यामुळेच!

आणि तो गोंद घट्ट कशामुळे होतो, सांग बरं? वाळून? मुळीच नाही! हवेतल्या आणि हाडातल्या पाण्याच्या अगदी सूक्ष्म थरामुळे! पाणी भेटलं, की गोंदाचे कण एकमेकांचे हात धरून लांब साखळ्या करतात. ज्या पाण्याच्या येण्या-जाण्याने हाड चिरलं, तेच पाणी चीर बंद करतं!

चीर जरा रुंद असेल तर? हाड घासून निघालेली पूड गोंदात कालवून भरतात. रंग मस्त जुळतो! पण घाई नको. मे महिन्यात चीर सगळ्यात मोठी उघडते. तेव्हाच ती गच्च भरली, तर पावसाळ्यात हाड फुगायला जागाच उरत नाही. मग दुसरीकडे नवा तडा! म्हणून हवा ना फार कोरडी, ना फार दमट, अशा दिवसांत हे काम करावं.

या गोंदाच्या आधी लोक काय वापरायचे? सरस! जनावरांची कातडी आणि हाडं खूप वेळ उकळली, की कोलॅजेनचे धागे विरघळून चिकट रस होतो. तोच सरस. म्हणजे हाड जोडायला हाडाचाच गोंद! आणि कोमट पाणी लागलं, की सरस पुन्हा सुटतो.

सुटतो ही तर चांगली गोष्ट! दिल्लीत जनपथावर राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे हडप्पा काळातली हाडाची अवजारंसुद्धा आहेत, चार हजार वर्षांहून जुनी! अशा मौल्यवान वस्तू सांधायला जगभरच्या संग्रहालयांत पुष्कळदा मुद्दाम सुटणारा गोंद वापरतात. पुढे आणखी चांगला उपाय सापडला, तर जुना गोंद काढता यायला हवा ना!

जाता जाता एक कोडं. तुझ्या हाताच्या हाडाला तडा गेला, तर डॉक्टर कुठला गोंद लावतील?

साध्या तड्याला कुठलाच नाही! जिवंत हाडात कामगार पेशी असतात. काही पेशी मोडकं हाड कुरतडून साफ करतात, काही नवं हाड बांधतात. बोगद्यांतून रक्त त्यांना लागणारा माल पोचवतं. मग ते प्लास्टर कशाला? ते हाड जोडत नाही बरं का! ते फक्त हाताला म्हणतं, "हलू नकोस, काम चालू आहे!"